वरच्या अंगाला तात्या

आमचे भिवातात्या नव्या पुलावर पाऊल टाकण्याआधी धोतर गुडघ्याच्या वर खोचतात आणि वहाणा हातात घेतात. पूल हायवेचा, नदी खोल खाली. एकदा एका टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढलं, "आजोबा, पाणी खाली हाय!"

"मला ठावं हाय. पान्याला ठावं हाय का?" म्हणत तात्या पाय चाचपत पुढं निघाले.

या पुलाला पायी चालणाऱ्यांसाठी जागाच ठेवलेली नाही. गाड्या जाव्यात म्हणून तो बांधला. माणसं जावीत असं फक्त आमच्या पत्रकांत होतं. खालची जुनी फरशी, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल, दर पावसाळ्यात बुडायची, म्हणून आम्ही नव्या पुलासाठी वर्षानुवर्षं पत्रकं वाटली. लोकांनी त्यांत भजी बांधली. मग काष्टीच्या बाजाराहून परतताना तात्यांची बायको, पारूकाकू, फरशीवरून वाहून गेली आणि पूल मंजूर झाला. उद्घाटनाला तात्यांना शाल दिली. त्यांनी माईक ओढून एवढंच विचारलं, "आदी का न्हाई?" लगेच बँड सुरू झाला.

परवा त्यांची सून मंदावहिनी आमच्या दारात आली. "भाऊजी, रोज या टोकाचं त्या टोकाला जात्यात आन् माघारी येत्यात. काम काय न्हाई. एक दिस ट्रक उडवंल मामंजीला. तुमीच आडवा त्यास्नी."

मी त्यांना पुलावर गाठलं. "तात्या, उद्यापासून हे बंद."

"बरं. आज तर चल."

दोन पावलांवर त्यांनी मला खांद्याला धरून दुसऱ्या बाजूला केलं. "वरच्या अंगाला मी. धार माझ्यावर येऊ दी." आणि माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. शेजारून ट्रक हॉर्न मारत सुटले होते.

"तात्या, हळू. दुखतंय."

"दुखू दी. बोटं सुटत्यात. मनगट सुटत न्हाई."

पलीकडं पोचल्यावर त्यांनी धोतर खाली सोडलं. माझ्या मनगटावरचे वळ अंगठ्यानं चोळत राहिले.

"बाजारात नव्या बांगड्या भरल्या हुत्या तिनं. हिरव्या. म्हनली, मनगट धरू नगा, पिचत्याल. म्हून म्या बोटं धरली."

माघारी निघताना मी पँट दुमडली, चपला काढून हातात घेतल्या आणि मनगट पुढं केलं.

"ह्यो न्हाई, दुसरा हात दे," तात्या म्हणाले. "धार आता त्या अंगानं हाय."