उलट्या बाजूचं न्यूझीलंड

खरं म्हणजे भिंत चार बोटं कमी पडली, एवढंच झालं होतं. पुढचं सगळं माझ्या कात्रीने केलं.

लेकीने शाळेतून जगाचा मोठा नकाशा आणला होता. सोमवारी सातवीच्या वर्गासमोर तिला खंडं आणि महासागर समजावून सांगायचे होते. घरात ती माझी अक्कल काढते, पण चार लोकांत तिच्या तोंडून आवाज फुटत नाही. म्हणून बाईंनी मुद्दाम तिलाच निवडलं होतं. (याच बाईंचा कोट माझ्याकडे शिवायला पडलाय. मी शिंपी आहे. माप घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.) सरावासाठी नकाशा लावायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या भिंतीवर तो मावेना. नीट पाहिलं, तर डाव्या कडेला प्रशांत महासागर आणि उजव्या कडेलाही प्रशांत महासागर. एकच समुद्र दोनदा कशाला? छापणाऱ्याने शिलाईसाठी कडेला जादा माया सोडली असणार. मी उजवीकडची पट्टी सफाईने कापून चिंध्यांच्या पोत्यात टाकली. नकाशा असा चपखल बसला की मीच दोन पावलं मागे सरून बघत राहिलो.

लेक आली, एकेक खंड दाखवू लागली आणि ऑस्ट्रेलियापाशी थांबली.

"बाबा, न्यूझीलंड कुठे गेलं?"

"चिंध्यांत असेल," मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. नकाशा शाळेचा होता. बायको हातातलं काम टाकून आली. तिने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, बाही कापता तेव्हा सपाटच असते ना? कडा जोडल्या की गोल होते. पृथ्वीचंही तसंच. दोन कडा भेटतात तिथलाच समुद्र कापलात तुम्ही."

वीस वर्षं बाह्या शिवतोय, पण हे काही सुचलं नव्हतं. मला खरंच लाज वाटली. पोतं उपसलं, पट्टी शोधली, निळ्या दोऱ्याने मशीनवर जोडली आणि नकाशा गुंडाळून दारापाशी ठेवला.

सोमवारी सकाळी लेकीने तो उलगडला. न्यूझीलंड अमेरिकेच्या डावीकडे होतं. त्याचं असं आहे, शिंपी उलट्या बाजूने शिवतो. सवयीने मी नकाशा पालथा घातला होता, आणि पालथ्या नकाशाची उजवी बाजू म्हणजे... (पुढचं बायकोने बराच वेळ समजावलं.) उसवायला वेळ नव्हता. लेक नकाशा काखेत मारून मागे न बघता निघून गेली.

ते मला फार लागलं. पोरगी वर्गासमोर रडली तर, याच विचारात दिवसभर बाईंचा कोट शिवत बसलो.

संध्याकाळी ती उड्या मारत आली. नकाशा उघडताच सगळे हसले म्हणे. मग तिने दोन्ही कडा उचलून नळीसारख्या जुळवल्या. न्यूझीलंड फिरून बरोबर ऑस्ट्रेलियाच्या शेजारी येऊन बसलं. हसणारेच पुढे वाकून बघू लागले. पुढे पाचही महासागर तिने न अडखळता सांगितले.

माझा ऊर भरून आला. शिवण कोणाची, असं बाईंनी विचारलं का, मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"विचारलं ना. आणि कोटासाठी निरोप दिलाय," ती म्हणाली. "पृथ्वी गोल असली तरी डावी बाही डावीकडेच लावा."

मी हसलो. ती आत गेल्यावर दिवसभर शिवलेला कोट उचलून पाहिला, आणि मुकाट्याने उसवायला बसलो.