मार देल प्लाताच्या टाळ्या

ओस्मार बेल्त्रामेला टाळ्यांची भीती वाटे. कुठे टाळ्या पडल्या की त्याच्या तळव्यांना घाम सुटे. अकरा वर्षं दर शुक्रवारी डॉक्टर लेवेन्सनबाईंच्या कोचावर पडून त्याने या भीतीचं मूळ शोधलं होतं. पाचव्या वर्षी तो मार देल प्लाताच्या किनाऱ्यावर हरवला. तिथल्या रिवाजाप्रमाणे कुणीतरी त्याला खांद्यावर घेतलं आणि आवाजाच्या रोखाने आई यावी म्हणून सगळा किनारा टाळ्या वाजवत राहिला. आई उशिरा आली. लग्न मोडलं ते त्यामुळे, बढती हुकली ती त्यामुळे आणि दाराला तीन कुलपं होती तीही त्यामुळेच.

आता बाईंनी सांगून टाकलं होतं, "येत्या शुक्रवारी शेवटचं. तुम्ही बरे झालात." शनिवारपासून फेब्रुवारी. त्या महिन्यात ब्वेनोस आयरेसमधले सगळे मनाचे डॉक्टर समुद्रावर जातात आणि शहर कसंबसं तग धरतं.

रविवारी रॅव्हिओली वाढणाऱ्या आईला ओस्मार मोठ्या मनाने म्हणाला, "आई, किनाऱ्यावर मला हरवलंस ना, त्याबद्दल मी तुला माफ केलंय."

"तुला कुठे हरवलं?" आई चीज किसत म्हणाली. "रूबेन हरवला होता. तू माझा हात धरून उभा होतास."

धाकट्या रूबेनचं मांसाचं दुकान होतं आणि त्याला पडल्या पडल्या झोप लागे. पावाने ताटली पुसत तो म्हणाला, "मीच तो. मजा आली होती, उंचावरून समुद्र दिसत होता. दादा, अकरा वर्षं माझं दुःख वापरलंस? एकदा विचारायचंस तरी."

ओस्मार मनाशी हिशेब करू लागला. बाईंना सांगावं, तर अकरा वर्षं पाण्यात. न सांगावं, तर भावाच्या जखमेवर बरं होऊन घरी यायचं. स्वतःची कुठे असेल ती तशीच.

"पण आई, मी रडत होतो. स्वच्छ आठवतंय."

"रडत होतास की. हंबरडा फोडला होतास."

"रूबेन हरवला म्हणून?"

"छे. सापडला म्हणून."

रूबेनचा हात ताटलीवरच थांबला.

शुक्रवारी ओस्मारने छताकडे बघत सगळं सांगून टाकलं.  कोचामागून डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मार्चपासून," बाई म्हणाल्या, "आठवड्यातून दोनदा या."

ओस्मार पिसासारखा हलका होऊन जिना उतरला. खाली पोचतो तोच रूबेनचा फोन.

"दादा, रविवारपासून डोळ्याला डोळा नाही. तुझ्या बाई आजच्या आज भेटतील का रे?"

"उद्यापासून फेब्रुवारी, रूबेन. आता महिनाभर कुणी भेटायचं नाही," ओस्मारने कळवळून सांगितलं. फोन खिशात टाकला आणि, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, एक टाळी वाजवली.