दोघांचं एकदमच उरकून टाकू

मला एक सांगा, एका घरात एका वेळी किती माणसांनी आजारी पडावं, याला काही नियम आहे की नाही?

सरकारने केला नसेल, पण बेटेगावच्या जयवंतीच्या मते तो आहे आणि अगदी साधा आहे. एका वेळी एक. त्यातही जो आधी पडला त्याचा हक्क पहिला. एस.टी.त नुसता रुमाल टाकून धरलेली जागासुद्धा लोक मानतात. ही तर गर्भाशय काढून धरलेली जागा होती.

आणि ती धरायलाच तिला तीन वर्षं लागली होती. तीन वर्षं अंगावरून जात होतं, चेहरा पांढराफटक पडला होता, पण ऑपरेशनची तारीख काही लागत नव्हती. आधी नणंदेच्या मुलीचं लग्न आलं. मग नवऱ्याच्या कंपनीत मालाची मोजणी आली. (रामनाथ बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. तो एक दिवस रजेवर गेला तर कारखाना बंद पडेल, असं त्याचं म्हणणं होतं. कारखान्याचं तसं काही म्हणणं नव्हतं.) मग गणपती, मग दिवाळी. शेवटी त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, जयवंतीने फराळ केला, भाऊबीज उरकली, फराळाचे डबे घासून पालथे घातले आणि दुसऱ्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात जाऊन आडवी झाली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी रामनाथला समोर बसवून घेतलं.

"दीड महिना वजन उचलायचं नाही. हंडा नाही, कळशी नाही. वाकून केर काढायचा नाही, उकिडवं बसून धुणं नाही. समजलं?"

"बाई, दीड महिना मी तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देणार नाही. शब्द देतो."

(शब्द देण्यात रामनाथने कधीच हात आखडता घेतला नाही.)

जयवंतीने मात्र तो दीड महिना पदराच्या गाठीला बांधावा तसा मनाशी बांधून घेतला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. त्या चोवीस वर्षांत आपण दिवसाउजेडी पाठ कधी टेकली, हे आठवायला गेली तर दोन बाळंतपणं तेवढी आठवत होती. (दोन्ही लेकी आता लांब सासरी होत्या.) आता टाके दुखत होते, खोकला आला की जीव जात होता, तरी खिडकीजवळच्या खाटेवर पडून बाहेरच्या केळी बघताना ती मनातून सुखी होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाईला आजारपण मानवलं.

कामाला ठमी येत होती. नळाचं पाणी तीच भरायची. चिंचणीहून रामनाथची मोठी बहीण प्रेमला आली होती, ती पेज करायची. सातपाटीची सुगंधा कोळीण पाटी उतरवून खास मोरी मासा काढून द्यायची. "घे गो बाय, आपरेशनवालीला मोरी बरी. अंग भरून येल." असे नऊ दिवस गेले. चांगले गेले.

दहाव्या दिवशी रामनाथ म्हणाला, "मी जरा कंपनीच्या कामाने मुंबईला जाऊन येतो."

आता मागची गोष्ट सांगायला हवी. जयवंती पालघरला ऑपरेशन थिएटरात होती, तेव्हा रामनाथला बाहेर बसून कंटाळा आला. पॅसेजमध्ये वजनकाटा होता. तो सहज त्यावर उभा राहिला. काटा धावत धावत एकशेअठरावर गेला. रामनाथ उतरला, चपला काढल्या, पुन्हा चढला. एकशेअठरा. बाजूच्या बाकावर कुणीतरी टाकलेलं मासिक होतं, त्यात मुंबईतल्या एका नव्या ऑपरेशनविषयी छापून आलं होतं. बस्स. तेवढ्यावरून आत टेबलावर बायको असताना बाहेर या गृहस्थाचा बेत ठरला.

सात दिवसांनी अंगणात जीप थांबली. कंपनीतल्या दोघांनी रामनाथला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. शर्टाखाली रुंद पट्टा, एक हात पोटावर. जयवंती खाटेवरून ताडकन उठली. पोटात कळ आली ती तिला नंतर कळली.

"अहो, काय झालं? कुठे पडलात?"

"पडलो नाही गं. ऑपरेशन करून घेतलं."

"कसलं ऑपरेशन?"

"जठराचं. टाके घालून वाटीएवढं करून टाकलं. आता दोन घासांत पोट भरणार. तूच म्हणायचीस ना, वजन कमी करा?"

"मी चालायला जा म्हणत होते! पंधरा वर्षं सांगतेय, स्टँडपर्यंत रिक्षा करू नका, चालत जा!"

"तेच तर. ते राहूनच जात होतं."

"आणि आत्ताच मुहूर्त सापडला?"

"आत्ता नाही तर कधी? तू विचार कर. सुट्टी घेतलेलीच आहे. अक्का आलेलीच आहे. पेज शिजतेच आहे. बघायला माणसं येणारच आहेत. म्हटलं, दोघांचं एकदमच उरकून टाकू."

बोईसरला गेलोच होतो तर येताना दळणही घेऊन आलो, अशा सुरात तो हे सांगत होता.

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तुला कशाला त्रास? तू आजारी."

जयवंती रागाने त्याला चांगलं सुनवायला निघाली. तोवर प्रेमलावन्सं म्हणाल्या, "अगं बघतेस काय? खाट दे त्याला. खाली चटईवर निजवला तर उठवणार कोण? क्रेन आणायची? तू हलकी आहेस, तू खाली झोप."

झालं. खाट गेली. खिडकी गेली. केळी गेल्या.

रामनाथने सोबत एक छापील कागद आणला होता. त्यावर लिहिलं होतं, दर पंधरा मिनिटांनी दोन चमचे पातळ पदार्थ. एकदम जास्त नाही, एकदम कमी नाही. त्याच कागदावर खाली 'रोज थोडे चालावे' असंही होतं, पण कागदाची घडी नेमकी त्या ओळीवर पडत होती. पहिले दोन दिवस चमचे वन्संनी भरवले. तिसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे धरले. "जयवंती, तू बसलेलीच आहेस ना? चमचा तेवढा दे त्याला. चमच्याला काय वजन असतं?"

चमच्याला वजन नसतं. पेजेच्या वाटीलाही नसतं. चहाच्या कपालाही फारसं नसतं. अशा बिनवजनाच्या वस्तू एकेक करून जयवंतीच्या हातात येऊ लागल्या आणि आठवड्याभरात ती सकाळी सहापासून गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन बसू लागली.

माणसं बघायला येत होती, पण ती कुणाला? बायकांचं पिशवीचं ऑपरेशन काय, गावात दर घराआड एक झालेलं. जठर शिवलेला माणूस मात्र बेटेगावात पहिलाच. आलेला माणूस चटईला वळसा घालून खाटेकडे जायचा. "रामनाथभाऊ, म्हणजे आता भूक लागतच नाही?" "टाके आतून की बाहेरून?" "भजी चालतील?" रामनाथ एकेकाला पट्टा उचलून दाखवायचा. कंपनीतले सहा जण शिफ्टच्या बसने आले. त्यांच्यासाठी जयवंतीने चहा केला. त्यातला एक सुपरवायझर ट्रेमधला कप उचलताना मोठ्या मायेने म्हणाला, "भाभीजी, आप बहुत कमजोर दिख रही हैं. भाईसाहब की चिंता में ना?"

जयवंतीने ट्रे इतक्या जोरात टेकवला की दोन कप कलंडले.

"माझं ऑपरेशन झालंय!" ती म्हणाली. "मोठं! ह्यांच्या आधी!"

"अच्छा? आपका भी?" तो म्हणाला, आणि पुन्हा खाटेकडे वळला.

फक्त ठमीला यातलं काही पटलं नव्हतं. एकदा तिने हंडा उतरवला, दारातून खाटेकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाय, त्याला काय झालेलं?"

"काही नाही. भूक जास्त लागायची."

"म्हणून पोट शिवला?"

"हो."

ठमीने पदराने तोंड पुसलं. "आमी भूक लागली तं भात शोधतो," ती म्हणाली, आणि दुसरा हंडा आणायला गेली. जयवंती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. हसल्यावर टाके दुखले, तेही तिने रामनाथच्याच खात्यावर मांडलं.

पण ठमीच्या घरचे वीटभट्टीवर निघाले, तेव्हा ठमीही गेली. दोन दिवसांनी चिंचणीला नातीचा साखरपुडा ठरला आणि वन्संचे गुडघे एका रात्रीत बरे झाले. घरात उरले दोन पेशंट.

दुसऱ्या सकाळी सहाला नळ आला. ग्रामपंचायतीचा नळ अर्धा तास असतो, तेवढ्यात काय ते भरून घ्यायचं. आधी फुसफुसला, मग खळखळ वाहू लागला.

"जयू, नळ आला."

"ऐकू येतंय मला."

"मग?"

"मला उचलायचं नाहीये."

"मलाही नाही. माझे टाके ताजे आहेत."

"आणि माझे काय शिळे झाले?"

"तसं नाही गं. तुझा अवयव काढून टाकलाय, म्हणजे तो प्रश्नच मिटला. माझा अजून आत आहे. जपायला नको?"

जयवंती चटईवर उठून बसली. "अहो, शब्द कुणी दिला होता? पाण्याचा तांब्या उचलू देणार नाही म्हणून?"

"दिला होता ना. पण तेव्हा मी बरा होतो."

"तुम्ही आत्ताही बरे आहात! कागदाची घडी उलगडा, चालायला सांगितलंय तुम्हाला!"

"चाला लिहिलंय. हंडा उचला असं कुठे लिहिलंय?"

नळ वाहत होता. अंगणात ओघळ गेला, केळींपर्यंत पोचला. दोघं तो आवाज ऐकत बसली. साडेसहाला नळाने एक उचकी दिली आणि गप्प झाला. घरात कालचं अर्धा हंडा पाणी.

मग रामनाथ हळूच म्हणाला, "जयू, पावणेसात झाले. चमचा."

तेव्हा जयवंती उठली. तिने साडी बदलली, वेणी घातली, डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना दिलेला कागद ब्लाउजमध्ये खोचला. पिशवी घेतली नाही, कारण उचलायची नव्हती. शेजारी शांताराम भाजीचा टेम्पो पुसत होता.

"भावजी, ह्यांच्याकडे जरा लक्ष द्या. पेज चुलीवर ठेवून आलेय. पंधरा मिनिटांनी दोन चमचे."

"दर पंधरा मिनिटांनी?" शांतारामच्या हातातलं फडकं थांबलं. "आणि वहिनी, तुम्ही निघालात कुठे?"

"माझा दीड महिना पुरा करायला."

बोईसरपर्यंत रिक्षा, पालघरपर्यंत एस.टी., तिथून शिरगावला दुसरी रिक्षा. प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी पोट धरत होती आणि रामनाथला मनात एकेक शब्द बहाल करत होती. ते शब्द इथे लिहिता येण्यासारखे नाहीत. शिरगावला आईने दार उघडलं, लेकीकडे पाहिलं आणि तिला हाताला धरून आत नेलं. गादी घातली. गरम भात, वर मोरीचं कालवण. जेवून जयवंती जी झोपली ती दिवेलागणीला उठली, पुन्हा जेवली आणि पुन्हा झोपली. कुठे गजर नाही, नळ नाही, चमचा नाही. अजून एकोणीस दिवस शिल्लक होते. ते तिने झोपण्याआधी बोटांवर मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आईच्या दारात शांतारामचा टेम्पो थांबला. शांतारामने रामनाथला धरून उतरवलं आणि ओटीवर बसवलं. एका दिवसातच आपल्याला हे जमत नसल्याचं सांगून, चहालाही न थांबता तो टेम्पो घेऊन गेला. जावई दारात बघून आई लगबगीने पदर सावरत बाहेर आली. रामनाथने आतल्या गादीकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"सासूबाई, तिला उठवू नका हां," तो म्हणाला. "तिचं मोठं ऑपरेशन झालंय."

जयवंती जागी होती, पण उठली नाही. मग तिची बहात्तर वर्षांची आई उकिडवी बसून जावयाला दर पंधरा मिनिटांनी दोन चमचे पेज भरवू लागली.