फ्रिस्कोत उलटी फिरलेली कणीक

चौदा एप्रिलच्या जयंतीला दोनशे पोळ्या आमच्याकडून, असं मी अमेरिकेतल्या आमच्या फ्रिस्को गावच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये हात वर करून सांगितलं, तेव्हा अंजना शेजारीच बसली होती. तिने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी लग्नानंतर दोनदाच पाहिली आहे. (दोन्ही वेळा चूक माझीच होती.)

"मळणार कोण?" तिने गाडीत विचारलं.

"मशीन! मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे." (डिग्री नागपूरची. त्यानंतर बावीस वर्षं सॉफ्टवेअर. घरातला बल्बसुद्धा अंजनाच बदलते.)

दुकान बंद करणाऱ्या एका पिझ्झावाल्याकडून मी कणीक मळायचं दांडगं मशीन उचललं. घरी आणतो तर त्याला थ्री-फेज हवी, आणि आमच्या घरात सिंगल!

"अगंबाई, वर्ध्याच्या आमच्या गिरणीत थ्री-फेज आणि अमेरिकेत नाही?" सासूबाई म्हणाल्या. तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. तीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली बाई, पण मला वाटलं, यांना काय कळणार इलेक्ट्रिकलमधलं!

मग मी फेज कन्व्हर्टर मागवला. घरातल्या विजेच्या तीन फेज करून देणारी पेटी. व्हिडिओ बघून वायरी जोडल्या. जयंतीच्या सकाळी गॅरेजमध्ये आठ किलो कणीक आणि पाणी ओतलं, सगळ्यांना टाळ्यांसाठी तयार ठेवलं आणि बटण दाबलं.

मशीन फिरलं. पण उलटं! मळायचा लोखंडी आकडा कणीक खाली दाबायच्या ऐवजी वर चढवायला लागला. एक गोळा छताला, एक गाडीच्या काचेला आणि तिसरा माझ्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर.

"बाबा, इट्स अटॅकिंग यू!" आमची लेक मैत्री किंचाळली.

"अहो, बंद करा ते! बारा वाजता लोक जेवायला बसणार!" अंजना रडायच्या बेतात होती. मीही होतो.

"काहीतरी फ्रीक्वेन्सीचा इश्यू..."

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आधी मेन बंद करा. मग तिन्हीतल्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. लाईनमन नवीन असला की आमच्याकडे हेच व्हायचं."

केली. मशीन निमूट सुलटं फिरलं. मंडळातल्या चौघीजणी लाटायला बसल्या आणि बाराच्या आत दोनशे पोळ्या झाल्या.

जेवणं झाल्यावर आमचा सेक्रेटरी धम्मदीप माइकवर म्हणाला, "आता सत्कार आपल्या इंजिनिअरचा!"

मी कुर्त्यावरची कणीक खरवडत, हसत स्टेजकडे निघालो.

"शोभामावशी, पुढे या!"

सासूबाई पुढे गेल्या. मी मध्येच उभा, म्हणून धम्मदीपने आपला फोन माझ्या हातात दिला.

"फोटो तू काढ, यार. फक्त उलटा धरू नकोस."