गाणं सुरू झालं की उठव

आमच्या अल्बममध्ये एकही शब्द नाही, हे मी नाशिकभर छाती फुगवून सांगत असे. साल नव्व्याण्णव. गिटारवर मी, व्हायोलिनवर ललित, पेटीवर मोहिनी. संगीत रॉकच, पण घरगुती बैठकीत वाजवल्यासारखं. सुचेल तसं, हळू, मध्येमध्ये चक्क गप्प बसून. ज्याला कान आहेत त्याला कळेल, असं माझं ठाम मत होतं!

कान ललितच्या वडिलांनाही होते. चिमाजीनानांनी मनमाडला रेल्वेत जन्म काढलेला. आमची तालीम त्यांच्याच खोलीत चाले, आणि ते म्हणायचे, "नुसतं शंटिंग चाललंय रे तुमचं. गाडी सुटणार कधी?"

कॅसेट तयार झाली त्या दुपारी ललितने ती त्यांच्या उशाशी लावली. नाना कूस बदलून म्हणाले, "गाणं सुरू झालं की उठव मला."

गाणं काही सुरू झालं नाही, म्हणून कोणी उठवलंही नाही. दोन्ही बाजू संपल्यावर ललित चहा घेऊन गेला, तर नाना गेलेले होते.

दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे झाडभर होते, नुसते बघत होते. ललितने हात जोडून वचनं दिली: आईला सांभाळीन, बहिणीचं लग्न करीन, नोकरी धरीन. शेवटचं ऐकून मीच दचकलो. कावळे ढिम्म.

"दर्भाचा कावळा करू," गुरुजी म्हणाले. "मागे माणसं खोळंबलीत."

"नको." ललितचा चेहरा बघवत नव्हता. "नानांचं गाणं ऐकायचं राहिलंय."

मी धावत जाऊन स्कूटरच्या डिकीतला टेप आणला. कुठे रसिक भेटला तर असावा म्हणून मी तो कायम बाळगत असे. बटण दाबलं. काहीच ऐकू येईना.

"सेल गेलेत," गुरुजी म्हणाले.

"नाही गुरुजी, ती शांतता आहे. मुद्दाम ठेवलीय."

ती तरी नीट ऐकू जावी म्हणून मी आवाज पूर्ण वाढवला. नेमकी तिथेच माझी गिटार सुरू होते! झाडावरचे झाडून सगळे कावळे उडाले. पलीकडच्या पिंडावर उतरू लागलेला एक, तोही गेला. तिथले पेठ तालुक्याकडचे आजोबा हताश होऊन म्हणाले, "आमचा आला व्हता ना, भाऊ."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेप बंद करायला गेलो, तर ललितने माझा हात धरला. तो रडत होता. त्या वाजण्यावरच तो फाटक्या आवाजात गायला लागला, "नाना उठा, गाडी सुटली." तेवढंच, पुन्हा पुन्हा. सुराचा पत्ता नाही, तालाचा नाही. इतके महिने जपलेलं सगळं त्याने पार धुळीला मिळवलं, आणि मला रडू आवरेना.

एक कावळा परत आला. पिंडाभोवती फिरला आणि त्याने चोच मारली.

ललितच्या आईने, मंगलाबाईंनी, पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "एवढंच गायचं होतं, तर त्या दुपारीच गायला काय धाड भरली होती रे तुम्हाला?"

मी गप्प बसलो. या वेळी मुद्दाम नव्हे.