लाल बूच

आमच्या शेजारच्या तांडेलकाकांनी खोलीतल्या भिंतीला एक फळी लावून तिच्यात वरपासून खालपर्यंत चौदा खिळे ठोकले होते. दर खिळ्यावर सोडा बाटलीचं एक बूच. तेरा बुचं गंजकी, एक लाल रंगवलेलं. लाल बूच म्हंजे काकांची टीम. फुटबॉलची. स्वीडनची! तीबी पहिल्या पट्टीतली, म्हंजे वरच्या दर्जाची नाय, दुसऱ्या पट्टीतली. आन्‌ हे सगळं बोईसरात बसून.

काका दातिवऱ्याचे, एकटेच राहायचे, कारखान्यात फिटर. मी तिथंच स्टोअरला, खोकी फोडायला. शाळेत मी एकदाच गेलो, कौलं चढवायला.

मशीन स्वीडनचं. त्याचे पार्ट खोक्यातनं यायचे, तिकडच्या पेपरात गुंडाळून. ते पेपर साहेबालापण वाचता येत नसत. आख्खी कंपनी माझ्याएवढी अडाणी, मला लय बरं वाटायचं.

काका पेपर मांडीवर घासून सपाट करत, टीमांचा तक्ता शोधत आन्‌ तसं बुचं हलवत.

"गणप्या, शेवटचे दोन खालच्या पट्टीत पडतात. आपण तेरावे. बाराव्यावर यायचंच." येईस्तवर ताडी बंद, दाढी बंद. त्यांची ताडी मीच संपवायचो. मित्र म्हणून.

"काका, खोकं बोटीनं येतं. ती मॅच कवाच झाली असंल."

"झाली असंल तिकडं. इकडं अजून चालू हाय."

मलापण टीम ओळखायला शिकवली. नावाचं पहिलंच अक्षर भोपळ्यासारखं गोल, डोक्यावर दोन टिंबं. मला जन्मात वाचता आलेलं अक्षर तेवढं एकच, तेबी स्वीडनचं.

सव्वीस मॅचचं वरीस. पंचवीस झाल्या आन्‌ लाल बूच बाराव्यावर आलं. काकांनी दाढी केली नाय. "एक राह्यली."

पुढलं खोकं आलं त्या दिवशी काका रजेवर. दुपारी गेटवर चिंचणीची सुकटवाली आली. तिच्याकडं पुड्याला कागद नव्हता. मी खोक्यातला पेपर पुढं करून ऐटीत म्हटलं, "घे बाय, फॉरेनचा हाय." सुकट घेऊन घरी गेलो. पुडा सोडला तर सुकटीखालनं दोन टिंबं माझ्याकडं डोळे वटारून बघतायत!

बोट ठेवून वरनं मोजलं. तेरा. परत मोजलं, मला मोजणंबी धड येत नाय म्हणून. तेरा.

तसाच वास मारणारा कागद घेऊन काकांकडं गेलो. त्यांनी बघितला. मग देवाच्या फोटोमागनं एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. पोस्टाच्या शिक्क्यात तोच भोपळा, तीच दोन टिंबं.

"आमचा प्रकाश. बोटीवर खलाशी होता, तिथं उतरला आन्‌ राह्यला. हे पत्र येऊन चार वरसं झाली, त्यानंतर पत्र नाय."

मी शिक्क्यातल्या दोन टिंबांवर बोट ठेवलं.

"टीम त्याच गावची. तिनं गोल मारला की गावात गलका होत असंल," काका म्हणाले. "त्याच्या कानावर पडत असंल. मी हितं बूच हलवतो. तेवढंच बापलेकाचं एका गोष्टीवर ध्यान."

"पण काका, टीम पडली. वरीस संपलं."

"संपलं असंल तिकडं." ते उठले, पलंगाखालनं दुसरी फळी काढली आन्‌ पहिलीच्या खाली भिंतीला लावली. "धर नीट. खालच्या पट्टीतनं परत वर येता येतं."

"खालच्यांचं पेपरात नाय छापलं तर?"

"छापतील."

मी खिळा धरला. काकांच्या हातोड्याचा दुसराच घाव माझ्या अंगठ्यावर बसला. एरवी मी तारापूरपर्यंत ऐकू जाईल असा बोंबललो असतो. त्या दिवशी म्हटलं, "काका, पुढचा द्या."