पाठराखीण हौसाआत्या

माणसाला पाय चार असतात, असं आमच्या हौसाआत्याचं ठाम मत आहे. पुढच्या दोघांना लोक हात म्हणतात, त्याला तिचा इलाज नाही. मी डॉक्टर झाल्यावर तिनं माझ्याकडं आणलेला पहिला रोगी म्हणजे तिच्या शेजारचा तुका. "शुभे, ह्येचा मागला डावा पाय बग गं, टेकवंना झालाय," ती म्हणाली, आणि तुकानंही मुकाट्यानं मागला डावा पाय पुढं केला. पासलीच्या वरच्या वाडीवर तिच्याशी वाद घालण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

आत्या ही माझ्या आबांची धाकटी बहीण. आम्ही मार्गासनीचे, ती पासलीला दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. घरात एक म्हैस आणि बऱ्याच शेळ्या, आणि जगातली प्रत्येक गोष्ट ती त्यांच्यावरूनच ताडते. नवीन माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडं न बघता आधी चाल बघते. माझ्या चुलतबहिणीला बघायला विंझरचं स्थळ आलं होतं. पोहे झाले, नोकरी-शेतीची चौकशी झाली. आत्या मध्येच मुलाला म्हणाली, "पावनं, जरा त्या जांभळीपातुर जाऊन या." तो बिचारा गेला आणि आला. "चाल निर्मळ हाय. देऊन टाका पोरगी." त्या दोघांचं छान चाललंय, हीच खरी पंचाईत. तेव्हापासून आमच्याकडं कुठलंच लग्न जांभळीपर्यंत गेल्याशिवाय ठरत नाही.

तिचा दुसरा नेम म्हणजे कुठंही मुक्काम करायचा नाही. लग्न असो, बारसं असो, मयत असो, शेवटच्या एसटीनं ती परत. म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही, हे कारण. भाऊबीजेलासुद्धा ती आबांना ओवाळायची आणि एक डोळा रस्त्यावर ठेवून जेवायची.

तर अशात मला नागपूरला एमडी मेडिसिनची जागा मिळाली. पुढची तीन वर्षं दवाखान्यातच राहायचं, शिकायचं आणि राबायचं. पेढे वाटून झाले आणि घराला घोर लागला. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की मी घर सोडून राहू शकत नाही. एमबीबीएसला आबांनी मला मिरजेला सोडलं, तर आठवडा पुरा व्हायच्या आत मी बॅगेसकट मार्गासनीत उतरले होते. मग समजूत घालून परत धाडली, आणि पुढंही सुट्टी दिसली की मी घरी. नागपूरहून असं पळून येणं परवडणार नव्हतं. या खेपेला परतले तर जागा जाणार, आणि इतक्या वर्षांचा अभ्यासही पाण्यात. आई रोज विचारायची, "ऱ्हाशील ना गं?" मी हो म्हणायचे, पण माझा माझ्यावरच भरवसा नव्हता.

निघायच्या सकाळी पहिल्या गाडीनं आत्या आली. काखेत बोचकं, हातात पाण्याचा कॅन.

"म्या जानार हिच्यासंगं. पाठराखीण म्हनून."

आई हसली. "अवो वन्सं, ती काय नांदायला चाललीय का?"

"मग काय चरायला चाललीय?"

"आन म्हस?" आबांनी विचारलं.

"तुकाच्या सुनंच्या हाताला लावलीय."

आबा तिच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी बोचकं उचलून टेम्पोत ठेवलं.

कॅनमध्ये पासलीचं पाणी होतं. एकदम पाणी बदललं की जनावराचं पोट बिघडतं, म्हणून निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं, आणि मग हळूहळू सगळं तिकडचं, अशी तिची रीत. मी पोटाच्या विकारांवर पुस्तकंच्या पुस्तकं वाचलेली. पण नागपूरच्या गाडीत निमूटपणे ते पाणी प्यायले, कारण समोरच्या बाकावर आत्या बसली होती.

हॉस्टेलच्या वॉर्डनबाई म्हणाल्या, बाहेरच्या माणसाला आत राहता येणार नाही. "म्या कुठं बाहेरची? हिच्यासंगं आलीया," असं म्हणून आत्यानं फाटकाशी बैठक मारली. वॉर्डनबाई दुपारी जेवायला गेल्या, जेवून आल्या, चहाला गेल्या. प्रत्येक वेळी आत्यानं त्यांची चाल बघितली. संध्याकाळी बाईंनी दोन-चार दिवसांची परवानगी दिली. मला वाटतं, त्यांना चालणंच अवघड झालं असावं.

खोलीत शिरताच आत्यानं वारा कुठून येतो ते बघितलं, फरशीचा उतार बघितला, खाट उलटी करून गोचिडं शोधली. मग माझ्या सोबतिणीकडं वळली. मृणाल वर्ध्याची, माझ्यासारखीच त्या दिवशी रुजू झालेली.

"बाय, जरा दारापातुर जाऊन ये."

मृणालनं माझ्याकडं बघितलं. "काऊन वो? काय आणू?"

"काय नको. नुस्ती जाऊन ये."

ती गेली आणि आली. "पाय घाशीत चालती, पर गरीब हाय. ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. मृणाल इतकी हसली की खाटेवर बसली. त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं असेल.

पहिल्या वर्षाच्या डॉक्टरचं दवाखान्यात काय होतं, ते सांगून खरं वाटायचं नाही. रक्त काढायचं, ते प्रयोगशाळेत पळवायचं, रिपोर्टामागं धावायचं, आणि यातलं काहीही चुकलं की सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. आत्या दुपारी वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात बसायची. तिथूनच तिचा म्हशीला फोन. तुकाची सून मोबाईल म्हशीच्या कानाला लावायची आणि ही इकडून मोठ्यानं म्हणायची, "खा गं बाय, खा. म्या येतीया. लाथ मारू नगंस." एकदा आमच्या युनिटचे मोठे सर तिथूनच जात होते. ते थबकले. "घरी कोण आजारी आहे का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, नाही सर, म्हैस आहे.

याच सरांनी दुसऱ्या दिवशी एका राहिलेल्या रिपोर्टावरून मला सगळ्या वॉर्डासमोर झाडलं. मी खोलीवर आले आणि बॅगेत कपडे कोंबायला लागले. "आत्या, चल. मला न्हाई जमायचं."

वाटलं, रागावेल नाहीतर समजूत घालेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. मला खाली बसवलं, माझ्या मागं बसली आणि मानेपासून कमरेपर्यंत पाठीवरून हात फिरवायला लागली. जोर लावून, सावकाश, एकाच दिशेनं. मी रडत होते, ती हात फिरवत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "उद्या जाऊ. आज गाडी न्हाई." नागपूरहून गाडी नाही, हे तिनं इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी विश्वास ठेवला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशीही गाडी नव्हती. तिसऱ्या दिवशी मी विचारायचं विसरले. त्या दिवशी एका आजोबांना सलाईन लावायला सगळे हरले होते, त्यांची शीर मला सापडली. सर नुसतं "हं" म्हणाले, पण त्या "हं"वर मी दिवसभर तरंगत होते. दुपारी मेसमध्ये मृणालला तो "हं" करून दाखवताना आमची हसून हसून पुरेवाट झाली, आणि मी पुन्हा भात मागून घेतला. मृणालचा फोन वाजला. "आलीच," म्हणून ती गेली.

मी खोलीवर आले तर आत्याचं अंथरूण घडी घातलेलं, बोचकं नाही, आत्या नाही. एवढ्या मोठ्या शहरात ती एकटी कुठं गेली? फोन बंद. मी जिन्यानं धावत खाली आले, तर फाटकातून मृणाल येत होती.

"स्टेशनावर बसवून आली मी तिले. मेसच्या खिडकीतून तुले भात मागताना पाह्यलं आन् मले फोन केला तिनं. तिकीट कालच काढून ठेवलं होतं. तुले सांगू नको, अशी शपथ घातली होती तिनं."

मी आधी मृणालवर चिडले, मग आत्यावर, मग रडू आलं. दोन दिवसांनी आत्या वाडीवर पोचली, तेव्हा कुठं फोन लागला.

"आत्या, निदान सांगून तरी जायचंस."

"सांगून जायाचं नसतं, शुभे. नवं जनावर दुसऱ्याच्या दावनीला बांधलं की त्ये बाकीच्यांसंगं खाया लागंस्तवर मालकानं थांबायचं. एकदा खाया लागलं की गुमान निगायचं. जाताना त्यो दिसला की त्ये दावं तोडतंय. मिरजंला दादानं तुला हात हालवून निरोप दिला. तवाच म्या म्हनलं, ही येती माघारी."

पलीकडं म्हैस हंबरली, तिला चुचकारून आत्या पुढं म्हणाली,

"मला पासलीला घालवाया पन दादाच आला हुता. सांगून निगाला. म्या वढ्यापातुर मागं पळाले, अनवानी."

हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. "मग?"

"मग काय. त्यानं परत आनून सोडलं. पर संगं ऱ्हायाला कुनी न्हवतं. दिवस दिवस गोठ्यात बसायचे म्या, म्हशीपाशी. तिनं सांबाळलं मला."

आईच्या रोजच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या क्षणी मिळालं. मी इथं राहणार होते. हे मला कळायच्या आधी तिला मेसच्या खिडकीतून कळलं होतं.

"तुला मला सोडून जाताना काहीच वाटलं नाही का गं?" मी विचारलं.

"म्या वळून बगितलंच न्हाई," हौसाआत्या म्हणाली. "बगितलं असतं, तर म्याच ऱ्हायले असते तितं."